बडोद्याच्या संग्रहालयात साखरपुड्याचे फोटो: आधी चित्र बघा, मग कॅमेरा काढा

माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा झाला तेव्हा लग्नाला पाच महिने होते. ती आणि तिचा होणारा नवरा, दोघंही बडोद्यातच वाढलेले. शाळेच्या सहलीत दोघांनीही कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा तोंड वर करून पाहिलेला. त्यामुळे शहराबाहेरच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये लाकडी हृदयाच्या चौकटीत उभं राहण्यापेक्षा आपल्या संग्रहालयात फोटो काढावेत, असं दोघांच्याही मनात आलं. मी हौशी छायाचित्रकार, म्हणून दुसरा कॅमेरा माझ्या हातात.

पहिल्या खेपेला आम्ही सात जण गेलो. ट्रायपॉड, छत्रीवाला लाइट, कपड्यांच्या तीन बॅगा असा सगळा पसारा सोबत होता. दारावरच्या माणसाने शांतपणे विचारलं, ‘परवानगीचं पत्र?’ ते नव्हतं. आम्ही परत फिरलो, आणि त्याचं बरोबर होतं. नंतर महिनाभर तयारी करून पुन्हा गेलो आणि पुढे आणखी दोन जोडप्यांच्या वेळीही मदत केली. त्या सगळ्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं नियोजन तिच्यावर उभं आहे. संग्रहालय हा फोटोमागचा पडदा नाही. तिथे तुम्ही प्रेक्षक असता, आणि प्रेक्षक म्हणून जे फोटो येतात तेच सगळ्यात सुंदर असतात. एकाच चित्राकडे दोघं जण बघताहेत, एक दुसऱ्याला काहीतरी दाखवतोय, एखादी पाटी वाचताना डोकी जवळ आली आहेत. हे फोटो काढायला जास्तीचा लाइट लागत नाही, पोझ लागत नाही आणि संग्रहालयाचा कुठलाही नियम मोडावा लागत नाही.

जागा ठरवणं

बडोद्यात पर्याय बरेच आहेत, पण सगळे या कामाला सारखे नाहीत.

पहिलं नाव अर्थातच बडोदा म्युझियम अँड पिक्चर गॅलरी. कमाटीबाग म्हणजे सयाजीबाग ही सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये शहराला दिलेली बाग आणि हे संग्रहालय १८९४ चं. शेजारची पिक्चर गॅलरी नंतरची. तिची इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातली चित्रं यायला उशीर झाला आणि ती १९२१ मध्ये खुली झाली. दोन्ही इमारती एकमेकींना जोडलेल्या आहेत. आत युरोपीय तैलचित्रं, मुघल लघुचित्रं, आकोट्याला सापडलेल्या जैन धातुमूर्ती, इजिप्तची ममी आणि तो देवमासा. बाहेर कमानी, व्हरांडे, दगडी कोरीवकाम आणि समोर शंभर एकरांहून मोठी बाग. आतले, बाहेरचे आणि झाडांखालचे असे तिन्ही प्रकारचे फोटो एकाच फेरीत होतात, आणि ही सोय बडोद्यात दुसरीकडे नाही.

दुसरं महाराजा फत्तेसिंह म्युझियम, लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात. राजघराण्यातल्या मुलांच्या शाळेच्या इमारतीत १९६१ मध्ये हे संग्रहालय सुरू झालं. राजा रविवर्म्याच्या चित्रांसाठी इथे देशभरातून माणसं येतात. पण नीट लक्षात घ्या, आतल्या दालनांत सामान्य प्रेक्षकाला फोटो काढू देत नाहीत, राजवाड्याच्या आतही नाही. म्हणून हे संग्रहालय कॅमेऱ्यासाठी म्हणून धरूच नका. ते तुमच्या तयारीसाठी आहे. ते कसं, हे पुढे येईल.

तिसरा पर्याय रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकातला मराठी वाडा, लाकडी खांब, अरुंद जिने आणि भिंतीभर चित्रं. मराठी घरातल्या जोडप्याला याहून आपलं वाटेल असं ठिकाण शहरात नाही. पण खोल्या लहान, चित्रं नाजूक आणि वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. तिथे दोघं अधिक एक फोटोग्राफर, एवढीच माणसं. भिंतीला पाठ टेकायची नाही, पदरही लागू द्यायचा नाही. हे जमणार नसेल तर नुसतं बघायला जा.

कीर्तिमंदिराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं तिथे आहेत आणि ती प्रत्येक बडोदेकराने पाहिली पाहिजेत. पण कीर्तिमंदिर हे गायकवाड घराण्यातल्या दिवंगतांचं स्मारक आहे. पितरांच्या जागी साखरपुड्याचे फोटो आपल्याकडे कुणी काढत नाही, आणि काढू नयेत. आजी-आजोबांना विचारलंत तर तेही हेच सांगतील.

विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीचं आवार अनेकांना आवडतं. झाडं आहेत, उघड्यावर ठेवलेली शिल्पं आहेत. तिथेही विभागाची परवानगी लागते, आणि दुसरी एक जबाबदारीही येते. तिथली बरीच कामं हयात कलावंतांची आणि विद्यार्थ्यांची असतात. कुणाचं शिल्प तुमच्या पत्रिकेवर ठळकपणे छापणार असाल तर त्या कलावंताला विचारा. भारतात चित्रशिल्पांचा कॉपीराइट कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांना तो प्रश्न नाही. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने काल उभ्या केलेल्या शिल्पाला आहे.

कॅमेरा घरी ठेवून दोन फेऱ्या

ही पायरी लोक गाळतात, आणि मग फोटोत दोघं संग्रहालयात आहेत की बँकेत ते कळत नाही.

पहिली फेरी दोघांनीच करा. सोबत फोटोग्राफर नको, बहीणभाऊ नकोत. दोन-अडीच तास द्या. प्रत्येकाने आपापलं एक चित्र किंवा एक वस्तू निवडायची आणि ती का निवडली हे दुसऱ्याला सांगायचं. माझ्या बहिणीने एक लघुचित्र निवडलं, कारण त्यातल्या बाईच्या हातातलं पाखरू तिच्या आजोळच्या पोपटासारखं होतं. तिच्या नवऱ्याने देवमासाच निवडला. सहावीत असताना त्याच्याखाली उभं राहून त्याने घाबरून मित्राचा हात धरला होता. पुढे फोटो काढताना तो हीच गोष्ट तिला पुन्हा सांगत होता आणि ती हसत होती. तो फोटो आता त्यांच्या घरात दिवाणखान्यात लावलेला आहे.

याच फेरीत एक चक्कर फत्तेसिंह म्युझियमलाही मारा. कारण दोन माणसांना एका चौकटीत कसं बसवायचं, हे रविवर्म्याकडून शिकण्यासारखं आहे. सयाजीरावांनी १८८८ मध्ये त्यांना लक्ष्मीविलाससाठी पुराणांतल्या प्रसंगांवर १४ चित्रं करायला सांगितली. अर्जुन-सुभद्रा, नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा ही जोडप्यांची चित्रं बडोद्याच्या या राजसंग्रहासाठी काढलेली. ती बघताना चार गोष्टींकडे लक्ष द्या: कोण कुणाकडे बघतंय, हात कुठे आहेत, दोघांच्या मध्ये किती जागा सोडली आहे आणि उजेड कुणाच्या चेहऱ्यावर आहे. दोघंही समोर बघून हसताहेत असं एकही चित्र सापडणार नाही. एक जण बघतो, दुसरा नजर वळवतो, आणि त्या वळवलेल्या नजरेतच सगळं येतं. हे एकदा दिसलं की पोझ शिकवणाऱ्या शंभर व्हिडिओंची गरज उरत नाही.

आणखी एक. ज्या चित्राची आठवण फोटोत जागवायची आहे, त्याची गोष्ट आधी आठवा. दमयंतीला नल अरण्यात झोपलेली सोडून गेला. शंतनूच्या लग्नाची किंमत देवव्रताने आयुष्यभर मोजली. हरिश्चंद्राने तारामतीला विकलं. चित्रं अप्रतिम आहेत, पण साखरपुड्याच्या अल्बममध्ये तो प्रसंग आला तर सासरच्या एखाद्या आत्याबाई नेमकं तेच बोट ठेवून दाखवतील. अर्जुन आणि सुभद्रेचं तसं नाही. तिथे दोघांचं मन एक आहे, आणि सुभद्रेच्या लाजण्यात कुठलीही अशुभाची सावली नाही.

दुसरी फेरी फोटोग्राफरसोबत. कॅमेरा नको, फोनमध्ये टिपणं करा: कोणत्या दालनात खिडकीचा उजेड येतो आणि किती वाजता, कुठे काचेची कपाटं आहेत, कुठे जमीन गुळगुळीत आहे, कुठे शाळांची रांग लागते, कुठल्या दालनात डागडुजी चालू आहे. सिक्युरिटीवाल्यांशी बोला. कुठल्या दिवशी गर्दी नसते हे त्यांच्याइतकं नेमकं कुणाला माहीत नसतं.

परवानगी

कमाटीबागेत हे दोन दारांचं काम आहे. संग्रहालय गुजरात सरकारच्या संग्रहालय खात्याकडे, बाग महानगरपालिकेकडे. म्हणजे संग्रहालयाचं पत्र बागेतल्या झाडाखाली चालत नाही आणि बागेचं पत्र दालनात चालत नाही. फत्तेसिंह म्युझियम आणि राजवाड्याचं आवार खासगी ट्रस्टच्या आणि राजघराण्याच्या व्यवस्थेत, तिथला दर आणि अटी वेगळ्या. तांबेकर वाड्यासाठी पुरातत्त्व खातं. जागा ठरली की त्याच आठवड्यात कार्यालयात स्वतः जा. फोनवर ‘हो, या’ म्हणणारा माणूस त्या दिवशी रजेवर असू शकतो.

अर्ज गुजरातीत किंवा इंग्रजीत करा, एका पानात. त्यात दोघांची नावं, तारीख आणि एक पर्यायी तारीख, दोन तासांची नेमकी वेळ, येणाऱ्या माणसांची संख्या (पाचच्या आत), कोणकोणती दालनं, आणि कॅमेरा-लेन्सची यादी. ‘फ्लॅश, ट्रायपॉड, ड्रोन आणि जास्तीचे दिवे वापरणार नाही’ हे वाक्य स्वतःहून लिहा. अधिकाऱ्याच्या मनातली निम्मी शंका तिथेच फिटते. फोटो घरगुती वापरासाठी आहेत की फोटोग्राफर ते आपल्या जाहिरातीत वापरणार आहे, हेही खरं लिहा. आपल्या पेजवर टाकणं हीसुद्धा त्याच्या धंद्याची जाहिरात आहे आणि त्याचा दर वेगळा असू शकतो. पैसे भरल्याची पावती आणि शिक्का मारलेली पोच घ्या. त्यांचे दोन-दोन झेरॉक्स करून एक संच फोटोग्राफरकडे द्या.

परवानगी आली तरी ती प्रत्येक दालनाला लागू नसते. ममीच्या दालनात नको म्हटलं तर नको. तिथल्या तिथे वाद घालू नका, विनंतीही दुसऱ्यांदा करू नका.

दिवस आणि वेळ

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी मध्य. एप्रिल-मेमध्ये बडोद्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि मेकअप व्हरांड्यातच उतरतो. जानेवारीत उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आसपासचे दिवस सोडा. त्या आठवड्यात कुणाचंच लक्ष कामात नसतं, आणि बागेतल्या झाडांना मांजा अडकलेला असतो. नवरात्रातही नको. रात्रभर गरबा खेळून आलेले डोळे कुठलाही मेकअप झाकत नाही.

मंगळवार ते गुरुवार निवडा. रविवारी बागेत पाय ठेवायला जागा नसते. सोमवारी आणि सरकारी सुट्टीला दार उघडं आहे ना, हे ठरवण्याआधी विचारा. हिवाळ्यात सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, म्हणून सकाळचा कोवळा उजेड बागेसाठी ठेवा. संग्रहालय उघडेपर्यंत बाहेरचं काम उरकतं, आणि दार उघडताच पहिल्या तासात दालनं रिकामी मिळतात. मात्र विश्वामित्रीच्या काठाशी उतरू नका. नदीत मगरी आहेत, आणि हिवाळ्यात त्या ऊन खायला काठावर येतात.

उजेडाचं गणित

फोटोग्राफर निवडताना त्याला अल्बममधले समुद्रकिनाऱ्याचे फोटो मागू नका. मंदिराच्या गाभाऱ्यात, जुन्या वाड्यात, कार्यालयाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात फ्लॅश न वापरता काढलेले फोटो दाखवायला सांगा. ते नसतील तर तो या कामाचा नाही, कितीही मोठा असला तरी.

संग्रहालयात उजेड मुद्दाम कमी ठेवतात. प्रकाशाने रंगांचं होणारं नुकसान साठत जातं आणि ते भरून येत नाही. म्हणून कागदावरची चित्रं आणि कापड यांच्यावर साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं माप), तैलचित्रांवर साधारण १५० ते २०० लक्स असा प्रकाश ठेवण्याची पद्धत आहे. घराच्या व्हरांड्यातला दिवसाचा उजेड याच्या कितीतरी पट असतो. फ्लॅशला मनाई त्यासाठीच आणि इतर प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठीही.

आता आकडे. एफ म्हणजे लेन्स किती उघडी आहे (आकडा लहान तितका उजेड जास्त), सेकंद म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं आणि आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला आहे (आकडा मोठा तितका फोटो दाणेदार). ५० लक्समध्ये एफ २ आणि १/१०० सेकंद ठेवलं तर आयएसओ साधारण २००० लागतो. पण तो उजेड चित्रावर पडलेला असतो, तुम्ही त्याच्यापासून दूर उभे. म्हणून ३२०० ते ४००० धरून चला. आजचे कॅमेरे एवढं सहज पेलतात. एफ २.८ ची झूम लेन्स आणली तर तोच आकडा दुप्पट होतो आणि फोटो दाणेदार दिसू लागतात. म्हणून ३५ आणि ५० मिलिमीटरच्या, एफ १.८ किंवा त्याहून उघडणाऱ्या लेन्स आणायला सांगा.

८५ ची लेन्स चेहऱ्यांसाठी सुंदर, पण दोघांच्या फोटोत ती फसवते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ २ ठेवून अडीच मीटरवरून काढलं, तर ८५ वर जेमतेम १० सेंटिमीटर खोलीत सगळं स्पष्ट येतं. ३५ वर तेच ६० सेंटिमीटर. म्हणजे ८५ वर नवरी स्पष्ट आणि नवरा पुसट असं होतं, आणि घरी सगळ्यांना ते दिसतं. ८५ वापरायचीच तर दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हवेत.

दोन छोट्या गोष्टी, ज्यांनी आमचे पहिले वीस-पंचवीस फोटो वाया घालवले. एक, आवाज नको म्हणून कॅमेरा सायलेंट शटरवर ठेवला आणि एलईडी दिव्यांखाली फोटोंवर आडवे पट्टे आले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात. दुसरी, खिडकीचा उजेड निळसर आणि दिवा पिवळसर, त्यामुळे अर्धा चेहरा हळद लावल्यासारखा दिसला. दोन्हींपैकी एकाच उजेडात उभे राहा, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि प्रत्येक दालनात एक फोटो ग्रे कार्ड (करड्या रंगाचा पुठ्ठा) हातात धरून घ्या, म्हणजे घरी रंग जुळवता येतात.

काचेच्या प्रतिबिंबाचं काय? पोलरायझर (लेन्सवर लावायची, चमक कमी करणारी काच) लावला की उजेड आणखी निम्म्याहून कमी होतो, म्हणून आत तो कामाचा नाही. फोटोग्राफरने काळा किंवा गडद सदरा घालावा आणि काचेसमोर सरळ न उभं राहता थोडं बाजूला सरकावं. पण प्रतिबिंब नेहमी पुसायचंच असं नाही. आकोट्याच्या मूर्तींच्या कपाटात दोघांचे चेहरे हलकेच उमटले होते आणि मूर्ती त्यांच्यामधून दिसत होती. तो फोटो आम्ही ठरवून काढला नव्हता, पण पुढच्या वेळी ठरवून काढला आणि तोही चांगला आला.

कपडे, दागिने, फुलं

रविवर्मे केरळचे, पण त्यांच्या कितीतरी नायिका नऊवारी नेसलेल्या आहेत. मराठी नवरीसाठी यापेक्षा सुरेख धागा कुठला? नऊवारी संग्रहालयात सोयीचीही असते, कारण काष्टा घातला की पायात येत नाही आणि जिने चढता येतात. सहावारी नेसलात तर पदर पिन करून हातावर घ्या, मोकळा सोडू नका. सासर गुजराती असेल आणि चणियाचोळीचा आग्रह असेल तर ती बागेतल्या फोटोंसाठी ठेवा. घेर मोठा असतो, वळताना तो बुटक्या चौथऱ्यावरच्या वस्तूला कधी लागला ते कळतसुद्धा नाही.

रंग एकसंध आणि खोल हवेत: डाळिंबी, मोरपिशी, हळदी, गडद जांभळा. टिकल्यांचं भरगच्च काम टाळा. कमी उजेडात त्याचे पांढरे ठिपके होतात आणि शेजारच्या चित्राकडे लक्षच जात नाही. नवऱ्याने साधा रेशमी किंवा सुती कुर्ता घालावा. ठळक चौकडीचा सदरा चित्राच्या चौकटीशी भांडतो.

नथ, तन्मणी, बांगड्या जरूर घाला. पैंजण मात्र बॅगेत ठेवा, रिकाम्या दालनात त्यांचा आवाज फार होतो. टाचांच्या चपला नकोत, सपाट कोल्हापुरी उत्तम. ताजा गजरा बाहेरच्या फोटोंसाठीच. फुलांबरोबर बारीक किडे आत जातात, आणि जुन्या कापडाला व लाकडाला ते खातात. आत जाताना गजरा काढून डब्यात ठेवा. फुलांच्या पाकळ्या उधळणं, धूर, रंग, फुगे यांचा विचारही नको. मेंदी काढायची तर दोन दिवस आधी, म्हणजे हाताला ओलावा किंवा तेल राहत नाही.

अंगठीचा फोटो सगळ्यांना हवा असतो. तो खिडकीजवळ, बोटात अंगठी असतानाच काढा. चौथऱ्यावर, मूर्तीच्या पायाशी किंवा कपाटाच्या कडेला अंगठी ठेवून नाही.

प्रत्यक्ष त्या दिवशी

माणसं पाच: तुम्ही दोघं, फोटोग्राफर, त्याचा मदतनीस आणि एक करवली. करवलीकडे सेफ्टी पिना, टिकल्या, कंगवा, ओला रुमाल, परवानगीची पत्रं आणि सगळ्यांचे फोन. आईवडिलांना यायचंच असेल तर बागेत बाकावर बसवा, सोबत थर्मासमध्ये चहा द्या. आत आले की ते ‘जरा हस ना’ म्हणणारच.

सुरुवात बागेतून करा. चालत, गप्पा मारत. पहिल्या वीस मिनिटांचे फोटो बहुतेक टाकूनच द्यावे लागतात, दोघांचे खांदे ताठलेले असतात. नंतर व्हरांड्यात या. कमानीच्या आत दोन पावलं, म्हणजे थेट ऊन चेहऱ्यावर नाही आणि बाहेरचा मऊ उजेड आहे. नवरी-नवऱ्याचे एकेकटे फोटो इथेच काढून घ्या, आत वेळ मिळत नाही.

दालनात शिरलात की आधी निवडलेल्या चित्रांपाशी जा. चित्रापासून किमान हातभर, शक्यतो मीटरभर दूर उभे राहा आणि चित्राकडे पाठ करू नका. दोघं चित्राकडे बघताहेत, फोटोग्राफर तिरक्या कोनातून दोघांच्या चेहऱ्यांची बाजू आणि चित्राचा एक तुकडा टिपतोय, ही पहिली रचना. दुसरी, मागून. दोघांच्या पाठी, मधल्या फटीत चित्र. तिसरीत एक जण चित्र बघतो आणि दुसरा त्याच्याकडे बघतो. ही रचना कधीच फसली नाही. चौथी, पाटी वाचताना. खरंच वाचा, हलक्या आवाजात, एकमेकांसाठी. मोठ्या दालनात फोटोग्राफरला दुसऱ्या टोकाला पाठवा. उंच छताखाली ती दोन छोटी माणसं फार बोलकी दिसतात.

शाळेची रांग आली तर बाजूला होऊन तिला आधी जाऊ द्या. मुलं नवरीकडे बघून हसतात, कुणी ‘अभिनंदन’ म्हणतं. तेव्हा शटर दाबायला फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा, पण त्या फोटोंतले मुलांचे चेहरे कुठेही टाकू नका.

दीड तासात आतलं काम संपतं. दोन तासांचं पत्र असलं तरी पंधरा मिनिटं आधी बाहेर पडा आणि सिक्युरिटीवाल्यांना सांगून निघा.

नंतरचं

फोटोग्राफरशी आधीच लेखी ठरवा: संपादित फोटो किती, किती दिवसांत, परवानगीची फी कुणी भरायची, फोटो त्याच्या पेजवर जातील की नाही. रंग ठीकठाक करताना चित्रांचे रंग भडक करू नयेत, हेही सांगा. आमच्या एका फोटोत जुन्या तैलचित्रातलं आकाश एकदम निळंशार झालं होतं. आम्ही ते परत पाठवून पूर्ववत करून घेतलं.

पत्रिकेवर एकच फोटो छापा आणि त्यात चित्र किंवा वस्तू ओळखता येत असेल तर खाली लहान अक्षरात तिचं आणि संग्रहालयाचं नाव द्या. एक छापील प्रत ज्या कार्यालयाने परवानगी दिली तिथे नेऊन द्या. आम्ही दिली, आणि पुढच्या जोडप्याच्या वेळी साहेबांनी अर्ज वाचताना ती प्रत खणातून काढून दाखवली.

त्या दिवशी दुपारी सगळ्यांना कडकडून भूक लागते आणि बडोद्यात भुकेचं उत्तर सेव-उसळच असतं. जाण्याआधी कपडे बदला, तर्रीचा डाग रेशमावरून निघत नाही. आणि फोटोग्राफरला खायला बसवण्याआधी दोन्ही मेमरी कार्ड त्याच्या लॅपटॉपवर आणि तुमच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या. तोवर कार्ड पुसायचं नाही.